घासलं तरी पंधरा दिवसांत परत येणारं शेवाळ: ड्राय रॉकच्या नव्या खाऱ्या टँकची तपासणी

"परवाच तर घासलंय की सगळं!" टँकसमोर उभं राहून म्हटलेलं हे वाक्य मी बेळगावच्या शहापुरात ऐकलंय, टिळकवाडीत ऐकलंय, निपाणीला आणि खानापूरलाही ऐकलंय. माशांचा टँक खाऱ्या पाण्याचा, वय दोन ते सहा महिने, दगड सगळा ड्राय रॉक, म्हणजे कोरडा विकत मिळणारा, आणि तक्रार तीच. दर वेळी तेच तपासून, तेच सांगून झाल्यावर वाटलं, एकदा सगळं नीट लिहून ठेवावं.

लक्षणं अशी असतात. पहिले तीन-चार आठवडे टँक पांढराशुभ्र दिसतो. मग हिरवे, केसांसारखे तंतू उगवायला लागतात, आणि ते काचेपेक्षा दगडावर जास्त असतात. ओढले की हातात येतात, पण आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी पुन्हा. शेवाळाचं खाद्य असलेल्या फॉस्फेटची टेस्ट केली तर आकडा शून्य किंवा शून्याच्या जवळ येतो, त्यामुळे माणूस आणखीच गोंधळतो. पाणी बदललं की दोन दिवस बरं वाटतं. जीएफओ म्हणून मिळणारे, फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाचे तपकिरी दाणे घातले तर आठवडाभर फरक पडतो, दाणे भरले की पुन्हा तेच. काही टँकांना जोडीला कुजका वास असतो, काहींत महिना उलटला तरी अमोनिया शून्यावर येत नाही.

यातली शेवटची दोन सोडली तर सगळी लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात. ड्राय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सच्छिद्र दगड. त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट घट्ट चिकटून बसतं, आणि पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगड आपल्याकडचं थोडं सोडतो, पाण्याशी तोल साधेपर्यंत. तुम्ही पाणी स्वच्छ केलंत की दगड ते पुन्हा भरून काढतो. सुटलेलं फॉस्फेट दगडावरचं शेवाळ तिथल्या तिथे खाऊन टाकतं, म्हणून टेस्टमध्ये काही दिसत नाही. शून्य आकडा आणि दाट शेवाळ एकत्र दिसलं की किट खोटं बोलतंय असं लगेच धरू नका. पण म्हणून थेट दगड उपसायलाही घेऊ नका. खालच्या क्रमाने जा. मला बोलावलेल्या टँकांपैकी बऱ्याच ठिकाणी दगडाला हातही लावावा लागला नाही.

आधी उगवलंय काय ते ओळखा

याला पैसे लागत नाहीत आणि चुकीचा उपाय टळतो. वाळूवर आणि काचेवर तपकिरी पिठासारखा थर असेल, बोटाने पुसला जात असेल, तर ते डायटम. नव्या टँकमध्ये ते येतातच, पाण्यातल्या सिलिकेटवर जगतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. त्यांना काही करू नका. गडद लाल किंवा जांभळट रंगाची, सालीसारखी सोलून निघणारी चादर असेल तर ते सायनोबॅक्टेरिया, तिथे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय का ते पाहा.

तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे, त्यांत हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी भरपूर, असं असेल तर डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, हे एकपेशी सूक्ष्मजीव असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी थोडं बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जमायला लागले तर डायनो. हे काम केल्यावर हात साबणाने धुवा, कारण त्यांच्यातल्या काही जाती विषारी असतात. डायनो असतील तर पुढचे फॉस्फेट कमी करायचे उपाय अजिबात करू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टँकमध्ये ते बहुधा माजतात, आणि तुम्ही त्यांचीच सोय कराल.

हिरवे, मऊ, केसांसारखे तंतू असतील तरच पुढे वाचा.

खिडकी, दिवा, खाऊ

टँकवर थेट ऊन पडतंय का? दिवा रोज दहा-बारा तास चालतोय का? प्रवाळ नसतील तर सहा तास पुरेत. फ्रोझन खाऊ बर्फासकट टाकता का? तो चहाच्या गाळणीत वितळवून, पाणी फेकून मगच घाला. हे तीन बदल करून दोन आठवडे थांबा. शेवाळ मंदावलं तर तुमचं काम इथेच झालं.

पाणी

इथे मात्र घाई करू नका. आपल्या भागात पाण्याचीच गंमत जास्त आहे आणि दगडावर आळ येण्याआधी पाण्याची चौकशी व्हायला हवी.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन ठिकाणांहून पाणी येतं. शिवाय जुन्या घरांच्या परसात विहीर असते, नव्या घरांना बोअर. म्हणजे एकाच घरात तीन प्रकारचं पाणी, आणि टँकमध्ये त्या दिवशी जे टाकीत असेल ते. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ होतं तेव्हा आरओची फिल्टरं लवकर भरतात. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे उसाचा पट्टा आहे, तिथे उसाला घातलेल्या खताचा नायट्रेट पाण्याबरोबर जमिनीत मुरतो आणि बोअरमधून वर येतो. गोड्या पाण्यातल्या माशांना यातलं बरंच चालून जातं. खाऱ्या टँकमध्ये रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर घालताना हे सगळं साठत जातं, कारण उडतं ते फक्त पाणी, बाकीचं मागे राहतं.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. मीठ मिसळण्याआधीच्या पाण्यात तो बुडवा. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन असलेल्या युनिटचं पाणी ० दाखवायला हवं. ५ च्या वर गेलं की रेझिन बदला. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरत असाल तर एक गोष्ट तपासा. पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो. पिण्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्या टँकला ते पाणी म्हणजे निम्मंअर्धं नळाचंच पाणी. निपाणीच्या एका काकांच्या टँकमध्ये सगळा दोष एवढाच निघाला. वेगळं युनिट बसवलं आणि दीड महिन्यात शेवाळ गेलं. त्यांनी तोवर दगड दोनदा घासून वाळवले होते.

दुसरा प्रकार गोव्याहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणण्याचा. चोर्ला घाटातून शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतर, त्यामुळे मोह होतो. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात नदीनाल्यांचं पाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात क्षारता खूप उतरते. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, यायला हवं. ते जुळलं तरी त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट केल्याशिवाय टँकमध्ये ओतू नका.

टेस्ट किट

किटची मुदत पाहा. मग गोड्या पाण्याचं किट वापरत नाही ना ते पाहा. काही डिजिटल मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये, म्हणजे अब्जात किती भाग. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेटचा पीपीएम (दशलक्षात किती भाग) आकडा मिळतो. म्हणजे मीटरवर ३३ आलं तर फॉस्फेट साधारण ०.१० पीपीएम. ३३ हा आकडा थेट वाचून घाबरलेले लोक मी पाहिलेत आणि ०.०३ समजून निश्चिंत झालेलेही.

मासे आणि प्रवाळ एकत्र असलेल्या मिश्र टँकला ०.०३ ते ०.१० पीपीएम फॉस्फेट असलेलं मला बरं वाटतं. शून्य हे ध्येय नव्हे. नायट्रेट मोजताना पाण्यात नायट्राइट शिल्लक असेल तर नायट्रेटचा आकडा खोटा वाढलेला दिसतो, म्हणून आधी नायट्राइट शून्य आहे याची खात्री करा.

बादलीची चाचणी

सगळ्या तपासणीचं सार मला विचाराल तर ते इथे आहे. दगड दोषी आहे की नाही हे टँकमध्ये कळत नाही, कारण तिथे शेवाळ पुरावा खाऊन टाकतं. म्हणून दगडाला एकट्याला, अंधारात, स्वच्छ खाऱ्या पाण्यात बसवायचं.

दोन स्वच्छ बादल्या घ्या, साबणाने कधी न धुतलेल्या. दोन्हींत २० लिटर ताजं खारं पाणी, ३५ पीपीटी, एकाच वेळी मिसळलेलं. एका बादलीत चार-पाच किलोचा एक दगड ठेवा, शेवाळ खरवडून आणि खाऱ्याच पाण्यात खंगाळून. दुसरीत काही नाही. दोन्हींत पाणी फिरवणारा लहान पंप, म्हणजे पॉवरहेड सोडा, दोन्ही बादल्या काळ्या कापडाने झाका. थंडीत हीटर लावून २५ अंशांवर ठेवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी खूप गार होतं आणि मग निकाल मंद येतो. सात दिवसांनी दोन्हींतलं फॉस्फेट मोजा.

रिकाम्या बादलीचा त्रास कशाला, असं सगळे विचारतात. मीठ, पाणी, पंप किंवा बादली यांतच फॉस्फेट असेल तर ते दुसऱ्या बादलीत दिसतं. दोन्ही बादल्यांत सारखाच आकडा आला तर दगड निर्दोष आहे, चूक मिठात किंवा पाण्यात शोधा.

दगडाच्या बादलीतला आकडा जास्तीचा किती, ते पाहायचं. माझी मोजपट्टी अशी: फरक ०.०५ पीपीएमच्या आत असेल तर दगड सोडून द्या, शेवाळाचं कारण दुसरं आहे. ०.०५ ते ०.३ च्या दरम्यान असेल तर टँक न मोडता निभावता येतं. ०.३ च्या वर गेला तर दगड बाहेर.

हिशोब करून पाहा म्हणजे पाणी बदलून का भागत नाही ते कळेल. २०० लिटरच्या टँकमध्ये ०.२ पीपीएम फॉस्फेट म्हणजे पाण्यात एकूण ४० मिलिग्रॅम. निम्मं पाणी बदललंत तर २० मिलिग्रॅम गेलं. आता बादलीत ०.५ पीपीएम आलं तर २० लिटरमध्ये एका दगडाने आठवड्यात १० मिलिग्रॅम सोडलं. टँकमध्ये असे चार-पाच दगड आहेत. तुम्ही शंभर लिटर मीठपाणी खर्चून जे काढलंत ते दगड आठवड्याच्या आत भरून देऊ शकतात, आणि तेवढ्याने त्यांच्याकडचा साठा संपलेलाही नसतो.

टँक अजून उभा केला नसेल तर दगड घेतल्याबरोबर आधी हीच चाचणी करा. पुढचे सहा महिने वाचतील.

मधला आकडा असेल तर टँक न मोडता

आठवड्यातून एकदा एकेक दगड काढून टँकच्या पाण्याच्या बादलीत ताठ ब्रशने घासा. टँकच्या आत घासू नका, तुटलेले तंतू दुसरीकडे जाऊन रुजतात. शेवाळ खरवडून बाहेर काढणं म्हणजे त्याने खाल्लेलं फॉस्फेट टँकबाहेर काढणं, म्हणून हे काम दिसतं त्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. जोडीला थोडे जीएफओचे दाणे ठेवा, सुरुवात पाकिटावरच्या प्रमाणाच्या अर्ध्याने. दर तीन-चार दिवसांनी मोजा आणि आकडा ०.०३ च्या खाली जाऊ देऊ नका. झपाट्याने खाली आणलं तर प्रवाळांना धक्का बसतो आणि वर सांगितलेले डायनो येण्याचा धोका असतो. टर्बो गोगलगायी छान काम करतात, पण अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याशिवाय त्यांना आणू नका. शेवाळ खाण्यासाठी आणलेला जीव आपल्या घाईमुळे मरावा, हे मला पटत नाही.

अशा टँकला तीन-चार महिने द्या. दाणे भरण्यामधलं अंतर वाढत गेलं, आठवड्याचं तीन आठवड्यांवर आलं, तर साठा संपत चाललाय असं समजा. अंतर वाढतच नसेल तर पुढे चला.

दगड बाहेर: ब्लीच

पुढचं काम फेब्रुवारी ते मे या काळात करा. आपल्याकडे जूनला पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे दगड काय वाळणार? खानापूरकडे तर विचारूच नका.

त्याआधी एक कळकळीची सूचना. दगड उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, गरम पाण्याच्या वाफेने धुऊ नका. दगड आधी कधी जिवंत टँकमध्ये असेल तर त्यावर झोअँथिड जातीचे, प्रवाळांच्या नात्यातले जीव असण्याची शक्यता असते. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. अशी प्रकरणं इस्पितळापर्यंत गेलेली आहेत. शिवाय बंद पोकळीतलं पाणी तापून दगड फुटू शकतो. गरम पाण्याने सगळं मरतं हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ब्लीच दगडाच्या छिद्रांत अडकलेलं सेंद्रिय कुजकं सगळं संपवतं, म्हणजे मेलेले स्पंज, किडे, जुनं शेवाळ. वास आणि न उतरणारा अमोनिया यांचं मूळ हेच. साधं, बिनवासाचं, साबण नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट घ्या. प्लास्टिकच्या पिंपात दहा भाग पाण्याला एक भाग ब्लीच, उघड्यावर, सावलीत. पंप सोडला तर उत्तम. तीन-चार दिवसांनी पाणी फेकून नवं मिश्रण करा, एकूण आठवडाभर ठेवा. मग जोराच्या पाण्याने धुवा, ब्लीचचा क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात एक दिवस बुडवा आणि गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर वाळवा. ब्लीचचा वास पूर्ण गेला पाहिजे. जरासाही येत असेल तर पुन्हा थायोसल्फेट, पुन्हा ऊन.

हे पाणी शौचखड्ड्यात ओतू नका, तिथले जिवाणू मरतात. परसातल्या विहिरीजवळ तर नकोच.

वाळल्यावर पुन्हा बादलीची चाचणी. बऱ्याच दगडांचं काम इथे होतं. पण ब्लीच सेंद्रिय भाग संपवतं, दगडाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं फॉस्फेट काढत नाही. आकडा अजून ०.३ च्या वर असेल तरच पुढची पायरी.

ॲसिड

फॉस्फेट दगडाच्या बाहेरच्या थरात बसलेलं असतं, म्हणून तो थरच विरघळवून टाकायचा. दगड थोडा हलका होतो, धारदार कोपरे बोथट होतात. नाजूक फांद्यांचे दगड असतील तर हे करू नका, त्या मोडतात.

लागणारं ॲसिड म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात फरशीसाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशांपासून ॲसिड विकताना ओळखपत्र आणि नोंद लागते. दुकानदाराने विचारलं तर रागावू नका, ते योग्यच आहे. डोळ्यांना बंद चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात बंद बूट. मुलं आणि जनावरं लांब. जागा उघडी, वारा तुमच्या पाठीकडून. न्हाणीघरात कदापि नाही, कारण फसफसताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद जागेत तळाशी साचतो. पिंप प्लास्टिकचं हवं. मोटारसायकल आणि लोखंडी अवजारं जवळ ठेवू नका, वाफेने गंजतात.

दगड ब्लीचमधून काढून थेट ॲसिडमध्ये कधीही घालू नका. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसं जाळतो. म्हणूनच मी मध्ये आठवड्याचं ऊन सांगितलं.

आधी पिंपात पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड, दहा भाग पाण्याला एक भाग. उलट क्रम कधीही नाही, ॲसिडात पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं. दगड एकेक करून दोरीने किंवा प्लास्टिकच्या जाळीतून सोडा. फेस जोरात येतो, म्हणून पिंप निम्मंच भरा. वीसेक मिनिटांत फसफस मंदावते. दगड बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवा आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवा. पिंपातल्या उरलेल्या पाण्यातही बुडबुडे थांबेपर्यंत सोडा घाला, मगच ते भरपूर पाण्याबरोबर ओतून द्या. झाडांच्या बुंध्याशी नको, त्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार असतो.

एकदा करून बादलीचा आकडा पाहा. दोनदा करून उतरला नाही तर तिसऱ्यांदा करू नका.

लॅन्थॅनम क्लोराइड हा आणखी एक मार्ग आहे. ते फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होतो. मी ते फक्त दगडांच्या पिंपात वापरतो, थेंबाथेंबाने, आणि पाणी ५ किंवा १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून फिरवून. मासे असलेल्या टँकमध्ये मी ते घालत नाही, तो बारीक गाळ कल्ल्यांत जातो.

धुतलेला दगड पुन्हा जिवंत करणं

ब्लीच-ॲसिडमधून आलेल्या दगडावर एकही उपयोगी जिवाणू उरलेला नसतो. तो थेट मासे असलेल्या टँकमध्ये गेला तर जुन्या दगडावरचे जिवाणू गेले आणि नव्यावर काही नाही, अशी अवस्था होते. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे जास्त जहर ठरतो. म्हणून एका वेळी सगळे दगड काढू नका. तिसरा हिस्सा काढा, तयार करा, परत ठेवा, मग पुढचा हिस्सा.

तयार करणं म्हणजे झाकलेल्या पिंपात खारं पाणी, हीटर, पॉवरहेड, बाटलीतले जिवाणू किंवा ओळखीच्या निरोगी टँकमधली मूठभर वाळू. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य होतोय आणि नायट्राइटही शून्य आहे, असं दिसलं की दगड तयार. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत हीटर नसेल तर जास्त. परत मांडताना दगड वाळूवर न टेकवता थेट तळाच्या काचेवर टेकवा. वाळूवर ठेवलेला दगड खालून मासे-खेकडे उकरतात आणि तो कलंडून काच फोडतो.

दगडच चुकीचा असेल तर

काही दगड सुधारत नाहीत. जुन्या टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलं असेल तर तांबं दगडात मुरतं आणि पुढे हळूहळू सुटतं. मासे तरतात, गोगलगायी आणि कोळंबी मरतात. सेकंडहँड दगड घेताना हा एक प्रश्न नक्की विचारा. मी एकदा विचारला नव्हता आणि आठ दिवसांत सगळ्या गोगलगायी गेल्या. असा दगड टाकून द्या, धुण्यात वेळ घालवू नका.

आपल्याकडचा जांभा छान सच्छिद्र दिसतो, म्हणून तो घालू का असं बरेच जण विचारतात. जांभ्यात लोह भरपूर असतं, घालू नका. काळा दगड घट्ट असतो, त्यात जिवाणूंना राहायला जागा नाही. घरी सिमेंट ओतून केलेले दगड चालतात, पण पाणी बदलत कित्येक आठवडे भिजवून, भिजवलेल्या पाण्याचा पीएच ८.४ च्या खाली टिकेपर्यंत. सिमेंटच्या किंवा जांभ्याच्या दगडाला ॲसिड लावू नका, ते फक्त कार्बोनेटच्या ड्राय रॉकसाठी.

मालवण-कारवारकडून कुणी प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. किनाऱ्यावर मरून पडलेला तुकडाही उचलू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टँकच्या पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर तो शेवाळाचा प्रश्न राहिलाच नाही. मेन स्विच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि टँकच्या लाइनवर वीजगळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. खाऱ्या पाण्यातून वीज फार सहज वाहते.

दगड हलवताना काचेला तडा गेला, किंवा सिलिकॉनच्या जोडातून पाणी झिरपताना दिसलं, तर दगडांचं काम तिथेच सोडा. मासे दुसऱ्या पिंपात हलवा आणि टँक बांधणाऱ्या कारागिराला दाखवा. भरलेल्या टँकच्या जोडाला बाहेरून सिलिकॉन थापून भागत नाही.

टँकमध्ये वाढलेले, दगडाला चिकटलेले प्रवाळ असतील आणि बादलीचा आकडा मोठा आला असेल, तर पहिल्यांदाच करणाऱ्याने तो टँक एकट्याने उपसू नये. वाळू ढवळली की तळाचा कुजका गाळ वर येतो आणि एका रात्रीत सगळं जाऊ शकतं. पुणे, गोवा किंवा कोल्हापूरकडच्या रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचे टँक सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला एक दिवसासाठी बोलवा, पैसे द्या.

आणि स्वतःच्या अंगाचं. ब्लीच किंवा ॲसिडच्या वाफेने खोकला, छातीत जळजळ सुरू झाली तर मोकळ्या हवेत जा आणि इस्पितळ गाठा, बरं वाटेल म्हणून घरी बसू नका. डोळ्यात उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच निघा. दगड घासल्यानंतर काही तासांत ताप, तोंडात धातूसारखी चव, स्नायूंत दुखणं, श्वासाला त्रास असं काही झालं, तर डॉक्टरांना समुद्री टँकचा दगड हाताळला होता हे सांगा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द कागदावर लिहून द्या. आपल्याकडच्या दवाखान्यांत हे रोज येणारं प्रकरण नव्हे, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना सुचेलच असं नाही.